मकदूमचे रबरी हातमोजे

मकदूम लाइनमनला सगळं सेक्शन ‘रबरी नवाब’ म्हणायचं. तोंडावर म्हणायचं आणि पाठीमागंही म्हणायचं. कारण काय, तर हा गडी आपल्या हातमोज्यांना जपायचा. आता तुम्हीच सांगा, ज्या वस्तूवर आपला जीव टांगलाय ती वस्तू जपली, तर त्यात दात काढण्यासारखं काय आहे? पण आपल्याकडं बेफिकीर माणूस तो मर्द आणि जपून वागणारा तो भित्रा, असला उफराटा न्याय आहे. त्या न्यायापायी किती माणसं खांबावरून खाली आली आणि किती बायकांचं कुंकू पुसलं, त्याचं कुणाला काही नाही. चार दिवस हळहळायचं आणि पाचव्या दिवशी पुन्हा उघड्या हातानं तार धरायची.

एकाहत्तर साली वीज खात्यानं सोलापुरातल्या लाइनमन लोकांना तीन दिवसांचं शिक्षण दिलं होतं. शिकवायला केरळातला एक म्हातारा मास्तर आला होता. त्याच्या घरी रबराची झाडं होती म्हणे. त्यानं काळेभोर, कोपरापर्यंत येणारे हातमोजे टेबलावर ठेवले आणि मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं, की हे झाडाचं दूध आहे. आटवून, शिजवून घट्ट केलेलं असलं तरी दूधच. ते उन्हानं नासतं, रॉकेलनं नासतं, आणि तेलानं तर हमखास नासतं. मग ते तेल इंजिनाचं असो नाहीतर खायचं असो. बाकीचे लोक तेव्हा खिडकीतून बाहेर बघत होते. जेवायची सुट्टी कधी होते इकडं त्यांचं ध्यान. मकदूम तेवढा मास्तरच्या हाताकडं बघत होता.

मग त्यानं त्या मोज्यात हात घातला आणि गडी खुळावलाच. आत आधी गारेगार, मग हळूहळू अंगाची ऊब धरणारं. बोट ताणलं तर ताणायचं, सोडलं की जागच्या जागी. मकदूमचा बाप टांग्याच्या घोड्यांचे लगाम-पट्टे शिवायचा, त्यामुळं कातडं त्याच्या ओळखीचं होतं. कातडं काही केल्या कातडंच राहतं, हाताशी भांडतं. हे रबर मात्र हाताचं ऐकायचं. त्या नव्याकोऱ्या वासाचं तर त्याला वेडच लागलं. घरी आल्यावर त्याच्या हाताला तो वास यायचा आणि जमीला, त्याची बायको, नाक मुरडायची. "क्या जी, आज बी टायर पकाके आए क्या?" असं विचारायची. मकदूम हसायचा.

मास्तरनं सांगितलेलं एकूण एक त्यानं पाळलं. मोजे घालायच्या आधी बोटातली अंगठी काढायची. नखं बोडकी ठेवायची. आत पातळ सुती मोजे घालायचे, म्हणजे घाम रबराला लागत नाही आणि हाताला पुरळ येत नाही. घालायच्या आधी मोज्याचं तोंड गुंडाळत आणायचं, आत हवा कोंडायची आणि तो फुगलेला पंजा गालाजवळ धरायचा. कुठं सुईएवढं भोक असलं तरी गालाला वारा लागतो. काम झालं की साध्या पाण्यानं धुवायचे, सावलीत वाळवायचे, शंखजिऱ्याची पूड भुरभुरवायची आणि घडी न घालता पेटीत ठेवायचे. रोजच्या रोज. दुसऱ्या सेक्शनमधले जोड वर्षभरात फाटायचे, मकदूमचा जोड तीन-तीन वर्षं टिकायचा.

तो जोड तसा त्याच्या एकट्याचा नव्हता. तो मकदूमचा आणि धोंडीरामचा. दोघांची खांबावरची जोडी. एक वर चढला की दुसरा खाली उभा. धोंडीराम मोहोळकडचा, शेतकऱ्याच्या घरचा, मकदूमपेक्षा दोन वर्षांनी थोरला. आडदांड, बडबड्या, आणि मनानं असा मोकळा की समोरच्याला लाज वाटावी. दुपारी दोघं एका फडक्यावर जेवायचे. दगडाबाईच्या, म्हणजे धोंडीरामच्या बायकोच्या, हातची कडक भाकरी आणि शेंगाचटणी मकदूमच्या वाट्याला यायची, जमीलानं दिलेला डब्बा धोंडीराम चाटूनपुसून खायचा. "वैनीला सांग, हाताला चव हाय," असा निरोप रोजचा ठरलेला.

ह्या दोघांत कशानं म्हणून वाकडं यायचं नाही. यायचं ते वर्षातनं एकदा, खंडेनवमीला.

खंडेनवमीला सेक्शनमध्ये हत्यारांची पूजा व्हायची. हिंदुराव फोरमन पूजेला बसायचे. पकडी, पाने, शिड्या, कमरेचे पट्टे, सगळं धुऊनपुसून सतरंजीवर मांडायचं, झेंडूच्या माळा घालायच्या, नारळ फोडायचा. आणि प्रत्येक हत्याराला तेलाचं बोट लावून वर कुंकू. बायकापोरंही यायची. तेल दगडाबाईच्या घरचं. तिच्या माहेरच्या रानातली करडई, घाण्यावर काढलेलं. ते आणण्याचा मान धोंडीरामच्या घराला कधी आणि कसा मिळाला कुणास ठाऊक, पण दगडाबाई पितळी वाटी लखलखीत घासून, पदराखाली झाकून आणायची.

लोखंडाला तेल लावलं तर बरंच. कमरेच्या कातडी पट्ट्याला लावलं तर त्याहून बरं. धोंडीरामच्या बापानं जन्मभर विहिरीवर मोट हाकली होती. मोटेच्या कातड्याला तेल पाजलं नाही तर ते तडकतं, पाजलं तर दहा वर्षं जातं, हे धोंडीरामनं लहानपणापासून बघितलेलं. त्याच्या लेखी काळं, मऊ, ताणणारं जे काही असेल ते कातड्याच्याच जातीचं. त्याला तेल म्हणजे आयुष्य. त्याची त्यात काय चूक? त्याच्या सात पिढ्यांनी रबर बघितलं नव्हतं.

मकदूम पहिल्याच वर्षी म्हणाला, "धोंडीराम, मोज्यांना नको. रबर हाय ते, तेलानं सडतंय."

"आरं देवाचं तेल हाय, त्यानं कुटं सडतंय व्हय!"

"कुंकू लाव, फूल वाहा. तेल तेवढं नको."

धोंडीरामनं ऐकलं. पण फोरमनच्या कपाटात दुसरा एक जोड होता, त्याला हिंदुराव दर वर्षी चोपून तेल लावायचे. तो जोड दोन वर्षांत डांबरासारखा चिकट व्हायचा. मग ‘जुना झाला’ म्हणून फेकायचा आणि नवा मागवायचा. हिंदुराव खांबावर चढत नव्हते, त्यामुळं तो सडका जोड कधी कुणाच्या हातात गेलाच नाही. गेला असता तर त्याच वर्षी सगळ्यांचे डोळे उघडले असते. नशीब म्हणतात ते असं आंधळं असतं.

सहा वर्षं मकदूमनं आपला जोड राखला. पण बोलणारी तोंडं वाढत गेली. आधी थट्टा होती, मग थट्टेला धार आली. शहात्तर सालच्या खंडेनवमीला हिंदुराव सगळ्यांसमोर म्हणाले, "का रे नवाब, आमच्या देवाचं तेल बाटतंय काय तुझ्या मोज्यांना?"

मकदूम भडकला. तो म्हणाला, "फोरमनसायेब, दर्ग्याचं तेल असतं तरी लावू दिलं नसतं." हे बोलायला नको होतं. बरोबर होतं, पण बोलायला नको होतं. त्या दिवसापासून कुणी त्याच्या हातचा चहा घेईना, तो आला की गप्पा थांबायच्या. ज्या माणसानं दहा वर्षं पूजेची सतरंजी स्वतःच्या हातानं झाडून अंथरली होती, त्याला पूजा चालत नाही असं सेक्शननं ठरवून टाकलं. वा रे वा! रबराचा गुण सांगायला गेला आणि स्वतःचा धर्म विचारून घेऊन आला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

जमीला म्हणायची, "तुमकू कायकू होना जी ये भानगड? लगाने देव." मकदूम म्हणायचा, "तुला नाही कळायचं." पण आतून तोही थकत चालला होता. खांबावर चढलेल्या माणसाचा जीव खाली उभ्या असलेल्यांच्या हातात असतो. खालचे लोकच तुटक वागायला लागले तर वर चढताना पाय जड होतात.

तरी धोंडीराम त्याच्या बाजूनं भांडत होता, तोवर सगळं ठीक होतं. सत्याहत्तर साली खंडेनवमीच्या आदल्या आठवड्यात धोंडीरामच जेवायला वेगळा बसला. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. चौथ्या दिवशी मकदूमनं त्याला गाठलं.

"काय झालं सांगशील तरी?"

"सा वरसं झाली मकदूम," धोंडीराम खाली बघत म्हणाला, "तुझ्यापायी समद्यांशी भांडतोय. लोक म्हणत्यात, तुला देवापरास त्यो जवळचा. आमची हीबी म्हणती, माझं तेल भावजींच्या मोज्यालाच तेवढं का चालत न्हाय? काय सांगू तिला? एक डाव माझ्यासाठी लावू दे की. एक बोट. त्यानं काय आभाळ कोसळतंय?"

मकदूमनं बघितलं तर धोंडीरामच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढा आडदांड माणूस, आणि रुसलेल्या पोरासारखा उभा. मकदूमला सगळं माहीत होतं. केरळचा मास्तर, झाडाचं दूध, सगळं त्याच्या डोळ्यांसमोर होतं. आणि तरी तो म्हणाला, "लाव बाबा."

खंडेनवमीला दगडाबाईनं वाटी धोंडीरामच्या हातात दिली. मकदूम शेजारीच उभा होता. धोंडीरामनं एक बोट लावलं नाही. सहा वर्षांची कसर त्यानं भरून काढली. दोन्ही मोजे तळव्यापासून बोटांच्या बेचक्यांपर्यंत असे चोळले की ते नव्या नवरीच्या केसांसारखे चमकायला लागले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हिंदुरावांनी स्वतःच्या हातानं मकदूमला पेढा भरवला. दगडाबाई ओल्या डोळ्यांनी हसत होती. मकदूमही हसला. खोटं कशाला बोला, त्याला त्या दिवशी फार बरं वाटलं. वर्षभरानं तो पुन्हा माणसांत आला होता.

संध्याकाळी घरी नेऊन त्यानं मोजे साबणानं चार वेळा धुतले, वर पूड चोळली. पण रबरानं तेल प्यायचं ते पिऊन घेतलं होतं. दिवाळीनंतर तळवे जरा फुगल्यासारखे वाटायला लागले. संक्रांतीपर्यंत उजव्या मोज्याची अंगठ्याजवळची बेचकी मऊ पडली, पूड लावली तरी बोटाला चिकटायला लागली. हवा कोंडून बघितली तर टिकत होती. पण मकदूमला हातानं कळत होतं. त्यानं नव्या जोडाची मागणी लिहून दिली. स्टोअरचा कारकून म्हणाला, "नवाब, तुमचे मोजे तर तीन वर्षं टिकतात ना? मग घाई कसली?"

आता ह्या माणसानं काय करायला हवं होतं? धोंडीरामला सांगायला हवं होतं, की बाबा, तुझ्या तेलानं मोजा गेला, ह्यावर भरवसा ठेवू नको. एवढं एक वाक्य. पण ते त्याच्या तोंडून निघेना. सांगितलं की पुन्हा तेच. पुन्हा रुसवा, पुन्हा वेगळं फडकं, पुन्हा ‘आमच्या देवाचं तेल’. जातंय ते जाऊ दे, नवा जोड आला की सांगू. तोवर त्यानं दुसरी युक्ती काढली. जोखमीचं काम आलं की स्वतः चढायचं, धोंडीरामला खाली ठेवायचं, लाइन दोनदा तपासून घ्यायची. मूग गिळून बसायचं आणि वर आपण जबाबदारी घेतलीय असं मनाला समजवायचं. ह्याला चांगुलपणा म्हणायचा की भित्रेपणा, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

अठ्ठ्याहत्तरच्या जूनमध्ये बार्शीला मकदूमच्या भाचीचं लग्न निघालं. दोन दिवसांची रजा. पेटीची किल्ली नेहमीसारखी धोंडीरामकडं. मकदूम जाताना एवढंच म्हणाला, "पाऊस हाय, जपून ऱ्हा."

"जा रं, बिर्याणी खाऊन ये," धोंडीराम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोराचा पाऊस झाला आणि पूर्व भागात एका खांबावरची जोडतार तुटली. यंत्रमाग बंद पडले, मागवाले येऊन सेक्शनच्या दारात ओरडायला लागले. धोंडीराम गेला. डीपीवरचे तीन फ्यूज काढायचे, त्यातले दोन निघाले आणि पावसाच्या गडबडीत तिसरा राहिला. ही चूक मोठमोठ्या लाइनमनकडून होते. हातमोजे असतात ते असल्याच चुकीसाठी. धोंडीरामनं पेटीतून मोजे काढले. खाली उभ्या भीमानं, म्हणजे नव्या लाइनमननं, विचारलं, "मामा, हवा भरून बघायची ऱ्हायली की." धोंडीराम हसला. "आरं, ह्यास्नी तेल पाजलंय, पूजा झालीया. आता काय हुतंय!" तारेला पीळ देताना उजव्या अंगठ्याची बेचकी फाटली. भीमा सांगतो, आवाजसुद्धा झाला नाही.

मकदूम बार्शीहून आला तो सरळ मसणवाट्यात.

चौकशीला मोठे साहेब आले. सेक्शनच्या खोलीत टेबलावर तो उजवा मोजा ठेवलेला. सगळे भिंतीला टेकून उभे. बाहेर व्हरांड्यात दगडाबाई भिंतीला पाठ लावून बसलेली. तिला आतलं अक्षर न् अक्षर ऐकू येत होतं.

साहेबांनी रबर बोटानं दाबलं. "हे एवढं मऊ कसं पडलं? ह्याची निगा कोणाकडं होती?"

"माझ्याकडं," मकदूम म्हणाला.

"मग?"

मकदूमनं तोंड उघडलं आणि त्याला दारातून दगडाबाईचा पदर दिसला. ‘तेलानं’ म्हटलं की पुढचा प्रश्न, तेल कुणी लावलं? त्याच्या पुढचा, तेल आणलं कुणी? नवरा जाऊन बारा दिवस झालेल्या बाईला हे ऐकवायचं? शिवाय, खरं सांगायचं तर, भिंतीला टेकलेली ती सगळी तोंडंही त्याला दिसत होती. मेलेल्या माणसाच्या पूजेवर खापर फोडतोय म्हणाले असते.

"तपासणी राहून गेली साहेब," मकदूम म्हणाला. "पाच-सहा महिने बघितलेच नाहीत. माझी हयगय झाली."

साहेबांनी लिहून घेतलं. मकदूमनं सही केली. ज्या माणसानं सात वर्षांत एक दिवस चुकवला नव्हता, त्यानं स्वतःच्या हातानं लिहून दिलं की मी हयगयी आहे. त्याला खांबावरून काढलं आणि स्टोअरमध्ये चिनीमातीच्या चिमण्या, म्हणजे तारेखाली बसवायचे इन्सुलेटर, निवडायला बसवलं. दगडाबाईनं व्हरांड्यातून त्याच्याकडं एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं. मकदूमला वाटलं, ठीक आहे, एवढं आपण सोसू. तिला खरं कळण्यापेक्षा हे बरं. मोठं पुण्य केल्यासारखं वाटत होतं लेकाला!

पण पुण्य असं फुकट पचत नाही. सप्टेंबरात रबरी हातमोज्यांचा नवा जोड आला. आला तो मकदूमच्याच हातात, स्टोअरमध्ये. त्यानं तो भीमाच्या हवाली केला आणि म्हणाला, "पोरा, ह्याला तेलाचा थेंब लागू देऊ नको."

भीमानं जाऊन हिंदुरावांना सांगितलं. दुपारी हिंदुराव स्टोअरच्या दारात उभे राहिले. त्यांच्या मागं चारजण. "वा नवाब! ज्याच्या हयगयीनं माणूस गेलं, त्यो आता आमाला शिकवणार?"

"फोरमनसायेब, तेलानंच सडला तो मोजा. अल्लाची शपथ."

"सायबापुढं काय लिहून दिलंस? सही कुणाची हाय? तवा तेल न्हवतं आठवलं?" हिंदुरावांचा आवाज चढला. "पोरगा गेल्यागत गेला रं धोंडीराम माझा. ह्या खंडेनवमीला तेल त्याच्याच घरचं लागणार. दगडाबाईनं नवं तेल काढून ठेवलंय. तिच्या हातानं लावणार हाय आमी, बगू कोण आडवतंय."

झालं. स्वतःच रचलेल्या खोट्याच्या भिंतीवर मकदूमचं डोकं आपटलं. खरं सांगायची वेळ होती तेव्हा तो गप्प बसला, आणि आता घसा फोडून सांगितलं तरी कोण ऐकतंय? त्या खोट्यानं धोंडीरामला मारणारं तेल निर्दोष सुटलं होतं आणि आता ते भीमाच्या हातांवर चढणार होतं. भीमाचं लग्न होऊन चार महिने झाले होते. सेक्शननं एकाच माणसाचं ऐकलं असतं, आणि ते माणूस म्हणजे दगडाबाई.

खंडेनवमीला दोन दिवस राहिले होते. मकदूम रात्रभर तळमळला आणि सकाळी दगडाबाईच्या दारात जाऊन उभा राहिला. हातात पिशवी. पिशवीत त्या जुन्या जोडाचा डावा मोजा, भंगारातून शोधून काढलेला.

दगडाबाई ज्वारी निवडत होती. तिनं मान वर केली, पण ‘या’ म्हणाली नाही. कोनाड्यात तेलाचा नवा डबा दिसत होता.

"वैनी, पाच मिनिटं ऐका. मग हाकला."

"बोला."

त्यानं पिशवीतून मोजा काढून तिच्यापुढं ठेवला. "ह्याला बोट लावून बघा."

तिनं बोट लावलं. बोट चिकटलं. तिनं जरा जोर केला, तर तव्यावरची कच्ची भाकरी फाटावी तसं ते रबर फाटलं आणि बोट आरपार गेलं. ती बोटाकडं बघत राहिली.

"हयगय न्हवती वैनी. रोज बघत हुतो मी. रबराला तेल चालत न्हाय. कसलंच न्हाय. कातड्याला जगवतं, रबराला खातं. गेल्या खंडेनवमीला लावलं त्यानं हे झालं."

दगडाबाईला सगळं कळायला वेळ लागला नाही. ती काही मूर्ख नव्हती. तिनं कोनाड्यातल्या डब्याकडं बघितलं, मग आपल्या हातांकडं.

"माज्या हातानं," ती म्हणाली.

"तुमाला ठावं न्हवतं वैनी. धोंडीरामलाबी न्हवतं."

"पुन्यांदा सांगा," ती म्हणाली. त्यानं पुन्हा सांगितलं. मास्तरनं सांगितलेलं झाडाच्या दुधापासून सगळं. तिनं ज्वारीचं सूप बाजूला सारलं, डोक्यावर पदर घेतला आणि तो फाटका मोजा उचलून चालू पडली. मकदूम मागं मागं.

सेक्शनमध्ये हिंदुराव माळांसाठी झेंडू निवडत बसले होते. दगडाबाई सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. सगळे जमा झाले. तिनं मोज्याचं एक एक बोट धरलं आणि त्यांच्यादेखत उपटून सतरंजीवर टाकलं. काही जोर लागला नाही. पाची बोटं पडली.

"हे माज्या तेलानं झालंय, मामा," ती म्हणाली. "मी दिलं, ह्यांनी लावलं, आन् तुमी समद्यांनी टाळ्या पिटल्या. भीमाच्या मोज्याला तेल लावायचं न्हाय. कुंकू लावा, फूल वाहा. तेल न्हाय. ज्याला लावायचं आसंल त्यानं आधी माज्या कपाळाकडं बगावं."

हिंदुरावांच्या हातातला झेंडू खाली पडला. म्हातारा तिथंच तोंड झाकून रडायला लागला. भीमानं गुपचूप नवा जोड उचलून पेटीत ठेवला. कुणी मकदूमकडं बघेना. माफी मागायची तर ती कशी मागतात हे त्या सेक्शनमध्ये कुणाला येत नव्हतं.

मकदूम दगडाबाईला सोडायला फाटकापर्यंत आला. त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. भीमा वाचला होता. त्याला वाटलं, आता वैनी काहीतरी चांगलं बोलेल. निदान चार महिने तोंड फिरवलं होतं ते वळवेल.

दगडाबाई फाटकाशी थांबली.

"भावजी, त्या दिशी मी वाटी ह्यांच्या हातात दिली, तवा तुमी शेजारीच हुबं हुता न्हवं?"

"व्हय वैनी."

"तुमाला ठावं हुतं न्हवं, तेलानं काय हुतंय त्ये?"

"ठावं हुतं."

"सा वरसं आडवलंसा. मग त्याच साली का गप बसला?"

दुसरं काही उत्तर असतं तर मकदूमनं दिलं असतं.

"धोंडीराम माझ्यावर रुसला हुता," तो म्हणाला. "जेवायला वेगळा बसत हुता."

दगडाबाईनं त्याच्याकडं बघितलं.

"एवढ्यासाठी?" ती म्हणाली.